जयगडच्या खाडीत आत, वस्तीपासून लांब, नांगरावर एक रात्र: जागा, चेन आणि भरतीचं गणित (मंचावरची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

उथळपाणी

जानेवारीत मुंबईहून गोव्याला जायचं आहे. वाटेतली एक रात्र बंदरात न काढता खाडीच्या आत, वस्ती नसलेल्या जागी काढायचा विचार आहे. डोळ्यासमोर जयगड, म्हणजे शास्त्री नदी आहे.

होडी शिडाची, ३१ फुटी. कील (तळाचं खाली उतरलेलं पातं) पाण्याखाली १.६ मीटर, नाळ (होडीचं पुढचं टोक) पाण्यापासून १.१ मीटर वर, डोलकाठीचं टोक १३.५ मीटर. नांगर १२ किलोचा, प्लाऊ जातीचा. ८ मिमीची चेन २० मीटर, पुढे १४ मिमीचा नायलॉन दोर ४० मीटर. विंडलास (नांगर ओढायचं यंत्र) नाही, हातानेच ओढायचं. माणसं दोन.

किती आत जावं, नांगर कुठे टाकावा, दोर किती सोडावा आणि रात्री पाणी उलटलं की काय होतं, हे हवं आहे. समुद्रावरच्या उघड्या जागी नांगर टाकायची सवय आहे, नदीतली नाही.

खाडीवरचा

जयगड निवडलंत ते बरं. केळशी किंवा आंजर्ल्याची जोग नदी असती तर १.६ मीटरच्या कीलला मुखाशीच अडकायला झालं असतं.

मुखाशी दक्षिणेला जयगडचा किल्ला, उत्तरेला तवसाळ. या दोघांमध्ये फेरीबोट चालते, तेव्हा तिच्या वाटेत नांगर नाही. किल्ल्याच्या बाहेरच्या अंगाला धामणखोलच्या बंदरात मोठी मालवाहू जहाजं येतात. आत लावगणला जहाजदुरुस्ती आणि धक्का आहे, म्हणजे टग, बार्ज आणि त्यांचे बोये आलेच. एवढं मागे टाकलं की तुम्हाला हवी ती खाडी सुरू होते. काठांना कांदळवन, वर जांभ्याचा सडा.

वरची हद्द भातगावचा पूल धरा. पुलाची उंची कोणाच्या सांगण्यावरून मनात धरू नका, डोलकाठीवाल्याने त्याच्या पलीकडे जायचंच नाही. पुलापेक्षा विजेच्या तारा वाईट. खाडी ओलांडणारी तार मधोमध सर्वांत खाली झुकलेली असते, नेमकी तिथे जिथे खोल पाणी आणि तुमची वाट. उन्हाने तार आणखी उतरते, उधाणाला पाणी वर येतं, आणि डोलकाठीच्या उंचीत व्हीएचएफची (होडीवरच्या रेडिओची) अँटेना धरायला लोक विसरतात. तुमचे साडेतेरा मीटर अँटेनासकट आहेत का ते आधी बघा. शिवाय उच्च दाबाच्या तारेला धातूची डोलकाठी टेकावीच लागते असं नाही, जवळ गेली तरी पुरे. नकाशावर तार नसली तरी दोन्ही काठांवर मनोरे दिसतात. ते दिसले की तिथेच थांबायचं.

देहरादूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचा नकाशा मुखाशी आणि बंदराच्या भागात भरवशाचा. आत खोलीचे आकडे विरळ होत जातात आणि वाळूच्या दांड्या दर पावसाळ्यात जागा बदलतात. २०१६ च्या कायद्याने जे १११ राष्ट्रीय जलमार्ग झाले त्यांत शास्त्री–जयगड ९१ क्रमांकाचा आहे. त्याच्या सर्वेक्षणातले आडवे छेद मिळाले तर घ्या, पण अंदाजापुरतेच. उपग्रहाची चित्रं मात्र जरूर बघा, एक नव्हे, वेगवेगळ्या तारखांची चार-पाच. ओहोटीला काढलेल्या चित्रात दांड्या उघड्या दिसतात. ज्या दांड्या चारही चित्रांत जागच्या जागी आहेत त्यांच्यावर विसंबा.

निघण्याआधी जयगडला बंदर निरीक्षकाच्या कार्यालयात आणि सागरी पोलिसांना होडीचं नाव, माणसं किती, कुठे आणि किती वेळ थांबणार हे सांगून ठेवा. नोंदणीचे कागद आणि ओळखपत्रं वर काढून ठेवा. अंधारात अनोळखी शिडाची होडी कांदळवनाशी उभी दिसली की किनाऱ्यावरचा माणूस फोन करतोच, आणि त्याने करावाही. सागरी पोलिसांचा क्रमांक १०९३, तटरक्षक दलाचा १५५४. खाडीत डोंगराआड मोबाइल आणि व्हीएचएफ दोन्ही दगा देतात, म्हणून हे सगळं मुखाशी असतानाच उरका.

पाऊणपट

उघड्या किनाऱ्यावर वाऱ्याची चिंता असते. खाडीत पाणी उलटतं कधी, एवढं कळलं की बाकी सगळं त्यावरून ठरतं. तारीख निवडण्यापासून सुरुवात करा.

जुना हिशोब सगळ्यांना माहीत असतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. प्रतिपदेला पाऊण, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हा हिशोब मुंबईचा. भरती दक्षिणेकडून वर सरकते, म्हणून जयगडला ती मुंबईच्या आधी येते, साधारण पाऊण तास वजा करा. उलट खाडीत जितकं आत जाल तितकी ती उशिरा पोचते. हे सगळं तारीख ठरवण्यापुरतं, निघताना रत्नागिरीचं भरतीचं कोष्टक हवंच. आपल्या किनाऱ्यावर दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात, एक चांगलीच खाली जाते. तुमच्या रात्रीची ओहोटी कोणती, ते कोष्टकातच कळेल.

आता उधाण की भांग? मी म्हणेन पहिल्या वेळी भांग, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं ते दिवस, अष्टमीच्या आसपास. मुंबईला मोठ्या उधाणाला साडेचार मीटरच्या पुढे पाणी चढतं-उतरतं, रत्नागिरीकडे दोन-अडीच. भांगाला ते निम्म्यावर येतं, आणि ओढही (प्रवाहाचा वेग) तशीच कमी होते. होडीवरचा पाण्याचा रेटा ओढीच्या वर्गाने वाढतो, एका नॉटचे दोन झाले की रेटा चौपट. उधाणाची आणि भांगाची रात्र यांत हाच फरक आहे.

वेळाही बघा. पौर्णिमा-अमावास्येला जयगडला भरती रात्री अकराच्या सुमारास, म्हणजे जोराची ओहोटी रात्री दोनला, ऐन झोपेत. अष्टमीला भरती संध्याकाळी सव्वापाच-साडेपाच. दुपारी साडेतीनला चढत्या पाण्यावर आत शिरा, पाचच्या आत नांगर टाका, सव्वासहा-साडेसहाला सूर्य मावळतो. पाणी उलटणार रात्री साडेअकरा-बाराला, तेवढ्यापुरतं एकाने जागं राहायचं. पुन्हा भरती पहाटे पावणेसहाला. सात वाजता उजेड, ओहोटीची ओढ आणि मतलई (जमिनीवरून समुद्राकडे जाणारा) वारा तिघेही तुम्हाला बाहेर घेऊन जातात. इतकी सोय दुसऱ्या कुठल्या तिथीला नाही.

आणखी एक. चढत्या पाण्यावर टेकलात तर दहा मिनिटांत सुटता. उधाणाच्या पूर्ण भरतीला टेकलात तर पुढची प्रत्येक भरती आधीपेक्षा ठेंगणी, आणि पुढचं उधाण येईपर्यंत तिथेच.

कोष्टकातली पूर्ण भरती आणि ओढ थांबणं हे एकाच वेळी होत नाही. आतल्या भागात कोष्टकाच्या वेळेनंतरही पाणी वर वाहत राहतं, आणि ओहोटी भरतीपेक्षा जास्त वेळ चालते. ऑक्टोबरात वरून गोडं पाणी येत असताना हा फरक फार असतो, जानेवारीत कमी. कांदळवनाच्या एखाद्या मुळाशी पाण्याची रेघ बघत बसा, घड्याळापेक्षा ती खरी.

शिसं

जागा निवडायची ती अशी. वळणाच्या बाहेरच्या काठाला पाणी खोल, पण ओढ तिथेच जास्त, काठ खचलेला आणि तळाला पडलेली झाडं. आतल्या काठाला वाळू साचलेली. म्हणून वळण संपून सरळ पट्टा लागतो तिथे, आतल्या काठाच्या बाजूला पण मुख्य प्रवाहाच्या जरा कडेला. ओढ्याच्या तोंडाशी नको, तिथे गाळाचा पंखा पसरलेला असतो.

जागा आवडली म्हणून लगेच नांगर सोडायचा नाही. ज्या वर्तुळात होडी फिरणार ते सगळं आधी इंजिनवर हळू फिरून मोजायचं. साउंडर (खोली मोजणारं यंत्र) फक्त तुमच्या खालचं सांगतो. तळ काय आहे ते कळायला दोरीला किलोभर शिसं बांधा, त्याच्या खळग्यात ग्रीस किंवा ओला साबण भरा, टाका आणि वर काढून बघा. काळा मऊ गाळ आला, बरं. घट्ट करडा चिखल आला तर त्याहून उत्तम. कालवांच्या शिंपल्या आल्या तर जागा बदला, कारण त्या नायलॉन सुरीसारख्या कापतात आणि तुमच्याकडे २० मीटरनंतर नायलॉनच आहे. काहीच चिकटलं नाही आणि शिसं टणटणलं तर खाली खडप. तिथे नांगर एकतर धरणार नाही, नाहीतर सुटणार नाही.

काठापासून किती? होडी काठाकडे वळली तरी ओहोटीला कील टेकू नये इतकं, आणि त्यावर आणखी २० मीटर. कांदळवनापासून लांब राहिलं की डासही कमी होतात. डासांचं काम सूर्यास्तापूर्वी दारं-खिडक्यांना जाळी लावून संपवायचं. केबिनमध्ये अगरबत्ती-कॉइल नको, गॅस गळला तर तो खाली बिल्जमध्ये (होडीच्या तळातल्या पोकळीत) साचतो आणि त्याला ठिणगीच हवी असते.

लोखंड

आता सामान. स्पष्ट सांगतो, १२ किलोचा प्लाऊ या होडीला आणि या कामाला हलका. मऊ गाळात प्लाऊ शेतातल्या नांगरासारखाच चालतो, म्हणजे नांगरत पुढे जातो. पाणी उलटल्यावर तो उपटला जाऊन पुन्हा बसायला वेळ घेतो. वर कडं असलेला, आतून खोलगट पात्याचा १५ किलोचा घ्या, तो उलटून स्वतःहून पुन्हा रुततो. चेन ८ मिमीची ठीक आहे, मीटरला साधारण १.४ किलो, तुमच्या २० मीटरचं वजन २८ किलो. हाताने ओढणाऱ्या दोघांना ३० मीटरपेक्षा जास्त झेपणार नाही, पण २० ची ३० करता आली तर करा. दोर तळाला घासणार नाही, हा त्याचा मुख्य फायदा.

शॅकलची (चेन आणि नांगर जोडणाऱ्या कडीची) पिन स्टीलच्या तारेने बांधलेली हवी. पाणी दिवसातून चार वेळा दिशा बदलतं, न बांधलेली पिन सैल होतेच. स्विव्हल काढून टाका. लोक ते पीळ जायला लावतात, पण आडव्या ताणात साखळीतला सर्वांत कच्चा दुवा तोच. आणि दोराचं आतलं टोक होडीला बांधलेलं आहे का, ते आज जाऊन बघा. बांधायचं तेही शॅकलने नाही, दोरीने, म्हणजे वेळ आली तर वरून सुरीने कापता येईल.

टाकण्याची पद्धत: तोंड ओढीकडे. वारा कुठून येतो ते नंतर. होडी जागच्या जागी थांबली, मागे सरकू लागली, की नांगर हातात धरून खाली सोडायचा, फेकायचा नाही. तळाला लागला की होडी जशी मागे जाईल तशी चेन अंथरायची. ढीग केला तर तीच चेन पात्याला गुंडाळते. दोर-चेन मिळून खोलीच्या तिप्पट गेली की हलकेच अडकवा, नांगर दिशा धरतो. मग उरलेलं सोडा.

इथे घाई करतात. मऊ गाळात नांगर टाकून लगेच रिव्हर्स ओढला तर तो लोण्यातून सुरी निघावी तसा निघतो. १५–२० मिनिटं तसंच राहू द्या, त्याच्या वजनाने तो खाली बसतो. मग रिव्हर्स आधी मंद, हळूहळू वाढवत मिनिटाला दोन हजार फेऱ्यांपर्यंत, आणि अर्धं मिनिट तसंच. या वेळी काठावरच्या दोन वस्तू एका रेषेत धरा, जवळचं झाड आणि मागचा कातळ. रेषा मोडली नाही तर नांगर धरला. दोरावर हात ठेवा. नांगर घसटत असेल तर हाताला धडधड लागते, धरला असेल तर नुसता ताण. दोनदा घसटला तर उचला, पात्यावरचा गोळा धुवा, दुसरीकडे टाका. तिसऱ्यांदा त्याच जागी टाकण्यात अर्थ नाही.

किती सोडायचं: पूर्ण भरतीची खोली अधिक नाळेची उंची, याच्या सातपट, कारण तुमच्याकडे अर्धा दोर आहे. सगळी चेन असती तर पाचपट चाललं असतं. नाळेवर दोर जिथे वळतो तिथे पाण्याच्या पाइपचा फूटभर तुकडा चिरून बांधा.

टेम्सकाठ

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या चिखलाच्या खाड्यांत अरुंद जागी दोन नांगर टाकतात, एक ओढीच्या वरच्या बाजूला, एक खालच्या, दोन्ही दोर नाळेवरच. होडी जवळजवळ जागच्या जागी फिरते, ११० मीटरच्या वर्तुळाऐवजी २५–३० मीटर पुरतात. शास्त्री आत गेल्यावर अरुंद होते, तर हा उपाय का नाही?

लोखंड

उपाय खरा आहे, पण दोन माणसं, विंडलास नाही आणि पहिलीच वेळ, या तिघांना मिळून तो झेपत नाही. प्रत्येक वेळी पाणी उलटलं की होडी कुठल्या बाजूने फिरेल ते वाऱ्यावर. दोनदा एकाच बाजूने फिरली की दोन दोरांना पूर्ण पीळ, आणि सकाळी ओढ चालू असताना तो सोडवत बसायचं. सैल पडलेला दोर कीलखाली किंवा सुकाणूत जातो. रात्री बार्ज अंगावर आली तर एक नांगर सोडून पळता येतं, दोन सोडायला दुप्पट वेळ.

टाकायचेच असतील तर रीत अशी: पहिला नांगर बसवून त्याच्यावर दुप्पट दोर सोडत मागे जा, दुसरा टाका, मग पहिल्याचा अर्धा दोर ओढून घेऊन मध्ये या. दुसऱ्याचा दोर पहिल्याच्या चेनला बांधा आणि ती गाठ कीलच्याही खाली उतरवा, म्हणजे होडी वरून मोकळी फिरते. दुसरा नांगर म्हणून अॅल्युमिनियमचा फोर्ट्रेस एफएक्स-१६ चांगला. वजन साडेचार किलो, आणि पात्याचा कोन मऊ चिखलासाठी ३२ वरून ४५ अंशांवर करता येतो. पण हा हलका, सपाट पात्याचा नांगर पाणी उलटल्यावर एकटा कधी ठेवू नका. चेन पात्यात अडकली की तो परत रुतत नाही.

जागा एका नांगराला अरुंद वाटली, तर रुंद जागा शोधा.

टेम्सकाठ

गाठ कीलखाली उतरवण्याचं मान्य, तेच बहुतेक जण टाळतात आणि मग पद्धतीला नावं ठेवतात. बाकी पहिल्या वेळी एकच, हे मान्य.

कांडाळवाला

जाळ्यांचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. खाडीत रात्री ओहोटीवर कांडाळ लावतात, प्रवाहाला आडवी, टोकाला छोटा बोया आणि कधी एक मिणमिणता दिवा. खुंटांवर बांधलेली जाळी वेगळी, ते खुंट पूर्ण भरतीला पाण्याखाली जातात, म्हणून दुपारी आत जाताना पाणी कमी असेल तेव्हाच टिपून ठेवा. पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकणारे काठाने येतात, त्यांचा काही त्रास नाही, उलट सगळ्यांत चांगली माहिती तेच देतात. होडी थांबवून विचारा: "दादा, रात्री इथे कोणाचं जाळं असतं? बार्ज जाते का?" दोन प्रश्नांत जे कळतं ते कुठल्या नकाशात नाही.

दिव्याचं: नियमाने ५० मीटरपेक्षा लहान होडीला नांगरावर असताना सगळीकडून दिसणारा एक पांढरा दिवा आणि दिवसा नाळेकडे काळा गोळा. दिवा तुम्ही डोलकाठीच्या टोकावर लावणार. छोट्या होडीतला माणूस पाण्याच्या उंचीवरून समोर बघतो, साडेतेरा मीटर वरचा दिवा त्याला तारा वाटतो. टोकावरचा असू द्या, पण दुसरा एक पांढरा दिवा डेकपासून दीड-दोन मीटरवर लावा, त्याच्या उजेडात होडीचं अंग दिसेल असा.

नांगराच्या डोक्याला दोरी आणि बोया बांधायची काहींना सवय असते. खाडीत पाणी उलटलं की तो बोया तुमच्याच इंजिनच्या पंख्यात येतो, नाहीतर कोणी जाळ्याचा समजून उचलतो, आणि त्याबरोबर नांगरही. तळ गाळाचा असेल तर बोया नकोच.

डोहातली

जयगडऐवजी दाभोळचा, म्हणजे वाशिष्ठी नदीचा, विचार कोणी करत असेल त्यांच्यासाठी. वाशिष्ठीत आत तीन गोष्टी वेगळ्या आहेत. एक, मुखाशी आडवी वाळूची दांडी. दोन, मगरी. मालदोली ते चिपळूण पट्ट्यात त्या चांगल्याच आहेत, तेव्हा पंख्यात अडकलेला दोर सोडवायला पाण्यात उतरणं, डिंगीतून (सोबतच्या छोट्या होडीतून) हात पाण्यात सोडून बसणं, काठावर भांडी धुणं हे सगळं बाद. सावित्रीत महाडकडेही तेच. तीन, कोयनेच्या वीजघरांतून सुटलेलं पाणी वाशिष्ठीत येतं. विजेची मागणी वाढली की ते जास्त सुटतं, आणि वरच्या भागात भर उन्हाळ्यातही ओहोटीची ओढ कोष्टकाला न जुमानता वाढते.

आणि ज्या ज्या खाडीत वाळूचा उपसा होतो तिथे तळ सपाट नसतो. तीन मीटरच्या शेजारी सात मीटरचा खड्डा. नांगर खड्ड्याच्या कडेला पडला तर कड ढासळते आणि सगळं हिशोबाबाहेर जातं. साउंडरवर आकडा असा उड्या मारताना दिसला तर पुढे चला. त्या खाड्यांत रात्री बिनदिव्याची होडी येऊ शकते हे धरूनच चालायचं.

रेवस–रेड्डी सागरी महामार्गाच्या पुलांमुळे खाड्यांच्या मुखांशी खांब आणि कामाचे बार्ज भेटतात. त्यांच्या नांगराच्या तारा होडीपासून खूप लांबवर तिरक्या जातात, म्हणून बार्जच्या कोपऱ्यांपासून दूर राहा.

वस्तीपासून लांब एवढीच अट नसेल तर विजयदुर्गाच्या मागे वाघोटणची खाडी आहे. खोल पाणी, तिन्ही बाजूंनी आडोसा. नवख्याला मी आधी तीच सांगेन.

पाऊणपट

रात्रीचं राहिलं. होडी पाण्याच्या ओढीला तोंड करते, वाऱ्याला नाही. दुपारच्या वायव्येच्या वाऱ्यात ओहोटी सुरू झाली की वारा मागून ढकलतो, ओढ पुढून, आणि होडी आपल्याच दोरावर चढून आडवी-तिडवी फिरते. अशा वेळी दोर कीलला गुंडाळतो. चेन जास्त असली तर ती सरळ खाली लोंबते. नसेल तर दोरावर ५–६ किलोचं वजन सरकतं सोडून कीलच्या खाली उतरवा.

सुकाणू मोकळं ठेवू नका, ओढीत ते दोन्ही बाजूंना आपटत राहतं. मधोमध बांधा. एका काठाकडे जास्त सरकतंय असं वाटलं तर काठापासून दूर नेईल अशा बाजूला पाच-सात अंश बांधलं तरी होडी तेवढी बाजूला उभी राहते. गिअर रिव्हर्सला ठेवा, नाहीतर ओढीने पंखा रात्रभर फिरतो. इंजिन सुरू करताना आठवणीने न्यूट्रल.

अलार्म जीपीएसवर लावायचा तो नांगर पडला त्या जागी, होडी जिथे थांबली तिथे नाही. ही चूक केली की पाणी उलटल्यावर अलार्म वाजतो, माणूस वैतागून बंद करतो, आणि नंतर नांगर खरंच सुटतो तेव्हा काहीच वाजत नाही. त्रिज्या म्हणजे सोडलेला दोर अधिक होडीची लांबी अधिक दहा मीटर. सोबत कमी खोलीचाही अलार्म लावा. पाणी उलटताना अर्धा तास जागं राहून, उलट्या दिशेने होडी ताणात आली, काठावरच्या नव्या खुणा जागच्या जागी आहेत, हे बघितलं की झोपा.

सकाळी इंजिन लावण्याआधी समुद्राच्या पाण्याची गाळणी उघडा. गाळ, कांदळवनाची पानं आणि प्लास्टिक असतंच. एक्झॉस्टमधून पाणी पडतंय ना ते बघूनच नांगराला हात लावा. वॉटरमेकर (खारं पाणी गोडं करणारं यंत्र) असेल तर खाडीत बंद.

शिसं

नांगर वर येत नसेल तर: आधी दोर उभा होईपर्यंत ओढून बांधा आणि थांबा. गाळात पाच-दहा मिनिटांच्या सरळ ताणानेच सुटतो. नाही सुटला तर ज्या बाजूने ओढून बसवला त्याच्या विरुद्ध बाजूला इंजिनवर हळू जा. तरी नाही, तर मीटरभर चेनचं कडं करून ते दोरावरून नांगराच्या दांड्यापर्यंत घसरवा, त्याला बांधलेली दोरी डिंगीतून पुढच्या बाजूला ओढा.

भरती चढत असेल तर ताणून बांधलेली होडी स्वतःच जॅकचं काम करते, फार जोर असतो त्यात. पण नाळ खाली दबायला लागली की सोडायचं, क्लीट (दोर बांधायचा खुंटा) उपटून येते. शेवटी दोराला तरंगणारा फेंडर बांधून सोडून द्या, जागा जीपीएसवर नोंदवा. पुढच्या ओहोटीला मिळतो.

उथळपाणी

सगळ्यांचे आभार. १५ किलोचा नांगर आणि आणखी १० मीटर चेन घेतो. हिशोब लिहितोय, तपासा:

कृष्ण अष्टमी, नांगर संध्याकाळी पाचला, जवळजवळ पूर्ण भरती. साउंडरवर ४ मीटर दिसतील अशी जागा. भांगाचा उतार सव्वा मीटर धरला, ओहोटीला राहतील २.७५. कील १.६, म्हणजे खाली १.१५ शिल्लक. दोर: ४ अधिक नाळ १.१, म्हणजे ५.१. सातपट ३६ मीटर.

लोखंड

साउंडर पाण्याच्या पृष्ठभागापासून मोजतो की कीलखालून?

उथळपाणी

आत्ता सेटिंग बघितलं. कीलखालून.

लोखंड

मग खरी खोली ५.६. अधिक १.१ म्हणजे ६.७. सातपट ४७ मीटर. तुमचे ३६ सोडले असते तर साडेपाचपटही भरत नव्हते. ओहोटीला कीलखाली २.७५ राहतात, ती बाजू उलट सुधारली.

४७ सोडल्यावर फिरण्याची त्रिज्या होडी धरून साडेछप्पन मीटर, म्हणजे काठाकडच्या अंगाला नांगरापासून निदान ७७ मीटर मोकळं पाणी हवं. अलार्म ६७ वर. आणि दोराला दर दहा मीटरवर रंगीत पट्टी नको, अंधारात दिसत नाही. सुतळीच्या गाठी मारा, दहाला एक, वीसला दोन, हाताला लागतील अशा.